थांबण्याचं गणित मांडणारा माणूस

विरार स्टेशनच्या तिकीट खिडकीवर आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलोय. पुढचा माणूस सुटे पैसे शोधत बसतो आणि मागची अख्खी रांग खोळंबते. नेटवर्कवर चालणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच असतं. पलीकडून डेटा येईपर्यंत तो नुसता थांबून राहतो. या थांबण्याचं काय करायचं, हे जगभरच्या इंजिनीअरना ज्यांनी शिकवलं ते डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स. नेटवर्क प्रोग्रामिंगच्या जाडजूड पुस्तकावर त्यांचं नाव आपण वाचतो, पण माणूस फारसा माहीत नसतो.

स्टीव्हन्स यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९५१ चा, आजच्या झांबियातल्या लुआन्श्या गावचा. वडील तांब्याच्या उद्योगात, त्यामुळे लहानपणी घर सारखं बदलत राहिलं. १९७३ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठातून पदवी घेतली, तीसुद्धा कॉम्प्युटरची नव्हे, एरोस्पेसची! ते स्वतः विमान चालवायचे आणि दुसऱ्यांनाही शिकवायचे. १९७५ पासून ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत त्यांनी प्रोग्रामरची नोकरी केली आणि ती सांभाळत १९८२ साली पीएच.डी. मिळवली. १९९० साली युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंगवरचं त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि पुढे लेखन हेच त्यांचं मुख्य काम झालं.

त्यांची खासियत म्हणजे ते नुसतं सांगत नसत, मोजून दाखवत. १९९८ च्या आवृत्तीतला एक प्रयोग बघा. २००० ओळींची फाइल दूरच्या सर्व्हरला पाठवून परत घ्यायची, जाऊन येऊन १७५ मिलिसेकंद. एक ओळ पाठवून उत्तराची वाट बघत बसलं तर लागले ३५४ सेकंद. सिलेक्ट वापरून दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवलं तर १२.३ सेकंद. कुठेच न अडकणारी नॉन-ब्लॉकिंग पद्धत वापरली तर फक्त ६.९!

मग तीच वापरायची ना? इथेच गंमत आहे. त्यासाठी ४० ओळींचा कोड १३५ ओळींवर गेला. बफरचा सगळा हिशोब आपणच ठेवायचा, म्हणजे चुकांना आमंत्रण. त्याऐवजी फोर्क करून एका प्रोसेसने पाठवायचं, दुसरीने घ्यायचं, असं केलं तर ८.७ सेकंद लागले. स्टीव्हन्स यांनी सल्ला दिला तो या साध्या पद्धतीचा.

अर्थात हजारो क्लायंट आले की प्रत्येकाला वेगळी प्रोसेस देणं मेमरीला परवडत नाही आणि सीपीयूचा वेळ अदलाबदलीतच जातो. म्हणून लिनक्समध्ये २००२ साली ईपोल आणि २०१९ साली आयओ-युरिंग आलं. ते बघायला स्टीव्हन्स नव्हते. १ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. युझनिक्सने २००० साली त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. २००३ साली त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती दुसऱ्या दोघांनी पूर्ण केली.

मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये असिंक्रोनस हा शब्द टाकला की व्हायवाला भारी वाटतं. पण आपले क्लायंट किती, वेळ नक्की कुठे जातोय, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तो कोड दुरुस्त कोण करणार, हे आधी मोजायला हवं. स्टीव्हन्स यांनी तेच केलं.