रेव्हरंड टिळकांची उपासना

धरमपेठेत एकादशीच्या भजनानंतर एका माळकरी बुवांनी आम्हांस विचारले की, ख्रिस्ती लोकांत टाळ वाजतो काय हो? मंडळी हसली. पण याचे उत्तर आपल्या नागपूरच्या वाटेवरच सापडते.

नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले. संस्कृतचे जाणकार, हाडाचे कवी. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. ते वाचता वाचता मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी आकांत झाला. पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. हे दुःख आम्ही झाकीत नाही. टिळकांच्या श्रद्धेची किंमत त्या माउलीनेही मोजली. पुढे १९०० साली त्यांनीही तोच धर्म स्वीकारला.

धर्म बदलला, पण अभंग काही सुटला नाही. देवळात परक्या चालीची गाणी चालत, तिथे टिळकांनी अभंग, ओवी नि कीर्तन नेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते उघड सांगत. बुवांच्या प्रश्नाचे उत्तर ते हे!

मात्र नुसते गाणे म्हणजे उपासना, असे त्यांनी मानले नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले या पतिपत्नींनी आपल्या घरात घेतली. रविवारची प्रार्थना अशी आठवडाभर चाले म्हणा ना! १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकास तिथे जागा होती. हे सर्वांनाच रुचले असे नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

वारकरी बंधूंनो, टिळकांचा मार्ग आपला नव्हे. आपला विठोबा आपल्याला पुरेसा आहे. पण गळ्यात माळ आहे, वारी चुकत नाही, आणि दारचा भुकेला मात्र तसाच परततो, असे आपल्याकडे होते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला पुसावे. देव गाण्यात भेटतो खरा. पण तो राहतो पोरक्याला घास देणाऱ्या घरात. इतके या परक्या पंथातल्या आपल्या माणसाकडून शिकलो, तरी पुष्कळ झाले.

रामकृष्णहरी!