कात्रणांचा संग्राहक : व्हिन्सेंट व्हॅन गॉग

कोणता ना कोणता छंद नाहीं असा विद्यार्थी विरळाच. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रें गोळा करितो, तर कोणी मासिकांतील चित्रें कापून तीं वहींत चिकटवितो. यांपैकीं शेवटचा छंद घरांतील वडील मंडळींस बहुधा रुचत नाहीं. कात्रीनें चाळणी केलेला अंक, खळीनें बरबटलेलीं बोटें आणि जमिनीवर पसरलेले कपटे पाहून त्यांस वाटतें कीं, मुलानें अभ्यासाचा वेळ रद्दींत घातला. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु याच छंदानें ज्याचा डोळा तयार झाला व ज्याच्या हातास वळण लागलें, अशा एका जगप्रसिद्ध चित्रकाराचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हिन्सेंटचा जन्म ता. ३० मार्च १८५३ रोजीं हॉलंडच्या दक्षिण भागांतील झुंडर्ट या खेड्यांत झाला. त्याचे वडील थिओडोरस हे प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. घरीं श्रीमंती नव्हती, परंतु वाचनाची व चित्रांची आवड होती. व्हिन्सेंटचा एक काका गूपिल आणि कंपनी या चित्रविक्रीच्या मोठ्या पेढींत भागीदार होता. त्याच्या ओळखीनें १८६९ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, व्हिन्सेंटला या पेढीच्या हेग येथील शाखेंत नोकरी मिळाली. ही पेढी चित्रकारांचीं मूळ चित्रें तर विकीच, शिवाय प्रसिद्ध चित्रांच्या छापील प्रतींचाहि तिचा मोठा व्यापार चाले. अशा रीतीनें कोवळ्या वयांतच शेंकडों छापील चित्रें रोज त्याच्या हाताखालून जाऊं लागलीं.

सन १८७३ मध्यें पेढीनें त्याला लंडनला धाडलें. त्या काळीं लंडनमध्यें 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' आणि 'ग्राफिक' हीं दोन सचित्र साप्ताहिकें मोठ्या लोकप्रियतेस चढलीं होतीं. पहिलें १८४२ सालीं निघालें होतें व दुसरें १८६९ च्या डिसेंबरांत. आठवड्याचा नवा अंक छापून झाला कीं त्यांतील चित्रें छापखान्याच्या खिडकींत लावीत. हा तरुण कारकून तेथें जाऊन तीं पाहत उभा राही. त्यांतील कित्येक चित्रें दहा वर्षांनंतरहि त्याच्या डोळ्यांपुढें जशींच्या तशीं उभीं राहत.

येथें हीं चित्रें कशीं तयार होत, हें सांगणें अवश्य आहे. छायाचित्र थेट वर्तमानपत्रांत छापण्याची कला तेव्हां प्रचारांत आली नव्हती. चित्रकार आपलें चित्र बॉक्सवुड नांवाच्या अत्यंत कठीण लांकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर काढी. मग कोरक्या हातांत बारीक हत्यार घेऊन, कागदावर जो भाग पांढरा दिसावयाचा तेवढा कोरून काढी आणि काळ्या रेषा उंच ठेवी. हा ठसा शिशाच्या खिळ्यांशेजारीं बसवितां येत असल्यानें मजकूर आणि चित्र एकदमच छापलें जाई. चित्र मोठें असेल तर अनेक लहान ठोकळे एकत्र जोडून त्यांचा एक मोठा ठोकळा करीत. ते सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वांटून देत आणि काम संपतांच पुन्हां जोडीत. अंक वेळेवर निघावा म्हणून ही योजना होती. अशा ठशांतून निघालेलीं चित्रें लोक आठवडाभर पाहत आणि मग रद्दींत टाकीत.

व्हिन्सेंटचें मन मात्र दुकानदारींत रमलें नाहीं. १८७५ सालीं त्याची पॅरिसला बदली झाली आणि १८७६ सालीं त्याला नोकरींतून काढून टाकण्यांत आलें. पुढें इंग्लंडांत कांहीं काळ त्यानें शिक्षकाचें काम केलें. डॉर्ड्रेख्ट येथें पुस्तकांच्या दुकानांत कारकुनी केली. ॲम्स्टरडॅम येथें धर्मशास्त्राच्या अभ्यासास आरंभ केला व तोहि सोडला. अखेर १८७८ च्या डिसेंबरांत तो बेल्जममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशांत धर्मोपदेशक म्हणून गेला. तेथील मजुरांचें दैन्य पाहून त्यानें आपले बरे कपडे वांटून टाकले, स्वतः झोपडींत राहूं लागला आणि खाणींत भाजलेल्या व जखमी झालेल्या माणसांची त्यानें रात्रंदिवस शुश्रूषा केली. परंतु त्याला प्रभावी प्रवचन करतां येत नाहीं असें ठरवून, त्याची नेमणूक पुढें चालूं ठेवण्यास वरिष्ठ मंडळानें नकार दिला. सव्वीस वर्षांच्या वयांत त्याला चार ठिकाणीं अपयश आलें होतें. आईबापांस त्याची काळजी लागली होती आणि नातलगांस लाज वाटूं लागली होती.

अशा वेळीं त्याला हात दिला तो छापील चित्रांनीं. १८८० सालीं त्यानें चित्रकार होण्याचा निश्चय केला. शिकविण्यास गुरु नव्हता. त्यानें आपला धाकटा भाऊ थिओ, जो त्याच गूपिल कंपनींत नोकरीस होता, त्याजकडून मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकामावरील चित्रांच्या छापील प्रती मागविल्या आणि खाणवाल्यांच्या त्या वस्तींत बसून तो त्या गिरवूं लागला. पेरणारा, कापणी करणारा, मोळ्या बांधणारी स्त्री, हेच त्याचे पहिले धडे होत.

त्याच्या संग्रहाचा खरा काळ म्हणजे १८८१ च्या अखेरपासून १८८३ पर्यंतचा, हेग येथील मुक्काम. थिओ दरमहा पैसे पाठवी व त्यांतच घरभाडें, अन्न आणि रंग भागवावे लागत. तरीहि जुन्या बाजारांत, पुस्तकविक्यांच्या दुकानांत जुने अंक मिळाले कीं व्हिन्सेंट ते घेतल्यावांचून राहत नसे. १८८३ च्या जानेवारींत तर त्याला १८७० ते १८८० या काळांतील 'ग्राफिक'चे एकवीस खंड एकदम मिळाले. त्याच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. मग रात्रीं दिव्याजवळ बसून तो एकेक खंड चाळी, हवीं तीं चित्रें काळजीपूर्वक काढून घेई आणि तीं जाड कागदावर चिकटवी.

परंतु आम्हांस विशेष वाटतें तें त्याच्या मांडणीचें. कापलेलीं चित्रें त्यानें ढिगाऱ्यासारखीं ठेविलीं नाहींत. एकेका चित्रकाराचें काम एकत्र, तसेच एकेका विषयाचें काम एकत्र, अशी त्यानें वर्गवारी लाविली. खाणींतील व कारखान्यांतील मजूर, कोळी लोक, लंडनचे रस्ते, सैनिक, आयर्लंडमधील गरीब, सामान्य माणसांचे चेहरे, असे त्याचे विभाग होते. त्यामुळें म्हातारा मनुष्य बाकावर कसा बसतो, हें पाहणें झाल्यास दहा चित्रकारांनीं काढलेले दहा म्हातारे त्याच्यापुढें एकदम हजर होत. ज्याला चित्रशाळेंत जाण्यास पैसा नव्हता, त्यानें रद्दींतून आपली चित्रशाळा उभी केली.

ल्यूक फिल्ड्स, ह्यूबर्ट हर्कोमर, फ्रँक हॉल हे इंग्रज चित्रकार त्याचे आवडते होते. 'ग्राफिक'च्या पहिल्याच अंकांत फिल्ड्सचें एक चित्र आलें होतें. कडाक्याच्या थंडींत, रात्रीच्या निवाऱ्याचा परवाना मिळावा म्हणून भिंतीशीं रांगेंत उभे असलेले निराधार लोक त्यांत दाखविले आहेत. हर्कोमरनें चेल्सी येथील वृद्ध सैनिकांची रविवारची प्रार्थनासभा काढली होती. अशीं चित्रें पाहूनच व्हिन्सेंट हेगमधील अनाथाश्रमांतील म्हाताऱ्यांस बोलावून आणी व त्यांस समोर बसवून त्यांचीं चित्रें काढी. गरिबाचें चित्र गरिबाच्या भिंतीवर लागावें, म्हणून स्वस्त शिळाछाप चित्रें काढावीं अशीहि त्याची इच्छा होती. हेगमधील अनेक चित्रकारांस मात्र त्याचा हा छंद हास्यास्पद वाटे. साप्ताहिकांतील चित्रें म्हणजे चहाकॉफीच्या दुकानांत बसून चाळण्याची वस्तु, अशी त्यांची समजूत होती.

एकाच मित्रानें त्याचें मर्म ओळखलें. तो म्हणजे त्याच्याहून पांच वर्षांनीं लहान असलेला चित्रकार अँटन व्हॅन रॅपार्ड. रॅपार्ड श्रीमंत घराण्यांतला, व्हिन्सेंट निष्कांचन. परंतु कात्रणांपुढें हा भेद उरला नाहीं. दोघेहि संग्रह करीत, कोणास काय मिळालें याच्या याद्या एकमेकांस पाठवीत आणि ज्या चित्राच्या दोन प्रती असतील त्यांतील एक दुसऱ्यास देत. पांच वर्षें हा स्नेह टिकला. दुर्दैव असें कीं, तो तुटला तोहि एका छापील चित्रावरूनच. १८८५ सालीं व्हिन्सेंटनें दिव्याच्या उजेडांत बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचें चित्र काढलें आणि त्याची शिळाछाप प्रत रॅपार्डला पाठविली. रॅपार्डनें तिच्यावर अतिशय कठोर टीका केली. व्हिन्सेंटच्या मनास ती इतकी लागली कीं त्यानें तें पत्र परत धाडलें. पुढें समेटाचे प्रयत्न झाले, पण थोड्याच महिन्यांत पत्रव्यवहार कायमचा थांबला. मित्राच्या कामावर बोलतांना शब्द तोलून वापरावा, आणि मित्राचा कठोर शब्दहि थोडा सोसावा, हें त्या दोघांस वेळीं सुचलें असतें तर किती बरें झालें असतें!

सन १८८६ मध्यें व्हिन्सेंट पॅरिसला थिओच्या घरीं राहावयास गेला. तेथें त्याला नवा नाद लागला तो जपानी लांकडी ठशांच्या रंगीत चित्रांचा. बिंग नांवाच्या व्यापाऱ्याच्या कोठारांतून त्यानें तीं शेंकड्यांनीं घेतलीं. दोघां भावांचा हा संग्रह सुमारें ६६० चित्रांचा झाला. हिरोशिगेच्या पावसांतील पुलावरून आणि फुललेल्या आलुबुखाराच्या बागेवरून त्यानें १८८७ सालीं तैलचित्रें केलीं. त्याच वर्षीं 'पारी इल्युस्त्रे' या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेली एका जपानी स्त्रीची आकृति त्यानें पातळ कागदावर उतरवून घेतली, चौकोन आंखून मोठी केली व रंगविली. त्याचे रंग उजळ झाले, रेषा ठळक झाली.

पुढें फ्रान्सच्या दक्षिणेंत आर्ल येथें त्यानें आपलीं अनेक उत्तम चित्रें काढलीं. तेथेंच १८८८ च्या अखेरीस त्याला मनोव्याधीनें गांठलें आणि १८८९ च्या मे महिन्यांत तो आपण होऊन सेंट-रेमी येथील रुग्णालयांत राहावयास गेला. आजारामुळें बाहेर जाणें अशक्य होई, समोर बसण्यास माणूस मिळत नसे. त्या दिवसांत पुन्हां एकदां छापील चित्रेंच त्याच्या मदतीस आलीं. नऊ वर्षांपूर्वीं खाणवस्तींत गिरविलेली मिलेची तीच मालिका त्यानें पुढें घेतली आणि काळ्यापांढऱ्या रेषांना आपल्या मनांतील रंग दिले. लिहिलेलें संगीत वादक जसें आपल्या हातानें जिवंत करितो, तसेंच हें काम आहे, अशी त्याची भावना होती. देलाक्रवाच्या एका चित्राची, मृत ख्रिस्ताला सांभाळणाऱ्या मातेची, छापील प्रत त्याच्या हातून तेलारंगांत पडून खराब झाली. त्याला फार वाईट वाटलें; पण दुःख करीत न बसतां त्यानें तिच्यावरून नवें तैलचित्र काढलें. १८९० सालीं डोरेच्या ठशावरून त्यानें तुरुंगाच्या चौकांत गोल फिरणारे कैदी रंगविले, आणि देलाक्रवावरून चांगल्या शोमरोन्याचें चित्र केलें. जखमी वाटसरूस उचलून घोड्यावर बसविणाऱ्या त्या परोपकाऱ्यास रंगवितांना, बोरिनाजमधील दिवस त्याला आठवले नसतील असें आम्हांस वाटत नाहीं.

ता. २९ जुलै १८९० रोजीं, पॅरिसजवळ ओव्हेर येथें, बंदुकीच्या गोळीच्या जखमेनें त्याचा अंत झाला. तेव्हां तो अवघा सदतीस वर्षांचा होता व त्याचीं फारच थोडीं चित्रें विकलीं गेलीं होतीं. सहाच महिन्यांनीं, २५ जानेवारी १८९१ रोजीं, थिओहि वारला. घरांत चित्रांच्या राशी आणि हाताशीं एक वर्षाचें मूल, अशा स्थितींत थिओची पत्नी योहाना हिनें कांहींहि फेंकून दिलें नाहीं. तिनें चित्रें सांभाळलीं, प्रदर्शनें भरविलीं आणि भावांचीं पत्रें १९१४ सालीं छापून काढलीं. १९७३ सालीं ॲम्स्टरडॅम येथें व्हॅन गॉग संग्रहालय उघडलें. तेथें त्याच्या तैलचित्रांबरोबरच, इंग्रजी व फ्रेंच साप्ताहिकांतून त्यानें काढून घेतलेलीं हजारांहून अधिक चित्रेंहि जपून ठेवलीं आहेत. ज्या कागदांस लोकांनीं रद्दी म्हटलें, ते आज अभ्यासक पाहतात.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रावरून कोणी असें समजूं नये कीं कात्री हातीं घेतली कीं चित्रकार होतां येतें. व्हिन्सेंट कापी थोडा वेळ आणि पाही फार वेळ. त्याहूनहि अधिक वेळ तो स्वतः काढी. तुम्हांस हा छंद असेल तर तो नीट करा. ग्रंथालयाच्या किंवा दुसऱ्याच्या पुस्तकास कधींहि कात्री लावूं नका. घरचा अंक वडिलांस विचारूनच घ्या. प्रत्येक चित्राखालीं चित्रकाराचें नांव, मासिक आणि वर्ष लिहा. विषयवार पानें राखा. दोन प्रती झाल्या तर एक मित्रास द्या. आणि आठवड्यांतून एकदां तरी, वहींतील एखादें चित्र पुढें ठेवून तें स्वतःच्या हातानें काढून पाहा.

पालकांसहि आमची एक नम्र विनंती आहे. व्हिन्सेंटच्या आईबापांस त्याच्या कागदांत भविष्य दिसलें नाहीं, आणि त्यांस दोष देण्यासहि आम्ही तयार नाहीं. सारखें अपयश येणाऱ्या मुलाची काळजी कोणास वाटणार नाहीं? परंतु एका भावानें विश्वास ठेविला आणि एका भावजयीनें तो पुढें चालविला, म्हणून तें धन जगास लाभलें. आपल्या मुलाची चिकटवही रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं, एकदां त्याच्याजवळ बसून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहावी, इतकेंच आमचें मागणें आहे.