सिल्व्हिया पँकहर्स्ट : आईची आणि बहिणीची वाट सोडणारी

ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा म्हटला की एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांची थोरली कन्या ख्रिस्ताबेल ही नावे प्रथम आठवतात. मधल्या कन्या सिल्व्हिया त्या मानाने उपेक्षितच राहिल्या.

५ मे १८८२ रोजी मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या सिल्व्हिया मूळच्या चित्रकार. आईने १९०३ मध्ये स्थापन केलेल्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’साठी त्यांनी चित्रे व बोधचिन्हे काढली, तुरुंगात उपोषणे केली, नळीने बळजबरीने अन्न घातले जाण्याच्या यातनाही सोसल्या. मात्र, पूर्व लंडनमधील कष्टकरी स्त्रियांना आणि मजूर चळवळीला बरोबर घेण्याचा त्यांचा आग्रह ख्रिस्ताबेल यांना रुचला नाही. जानेवारी १९१४ मध्ये धाकट्या बहिणीला संघटनेबाहेर जावे लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि ही दरी कायमची झाली. ज्या सरकारशी कालपर्यंत उभा दावा मांडला, त्याच्याच सैन्यभरतीसाठी एमेलिन व ख्रिस्ताबेल सभा गाजवू लागल्या. संघटनेच्या मुखपत्राचे नाव १९१५ मध्ये ‘ब्रिटानिया’ झाले. सिल्व्हिया मात्र युद्धविरोधी राहिल्या. (सर्वांत धाकट्या अडेला यांनीही ऑस्ट्रेलियात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला.)

सिल्व्हियांचा विरोध केवळ भाषणांपुरता नव्हता. घरातला कर्ता पुरुष आघाडीवर गेलेला, सरकारी भत्ता वेळेवर हाती न पडलेला आणि महागाई वाढत चाललेली, अशी बो भागातील घरांची अवस्था होती. तेथे त्यांनी दोन पेन्सांत जेवण देणारी भोजनालये काढली, बेकार स्त्रियांसाठी खेळण्यांचा कारखाना उभारला. ‘गनमेकर्स आर्म्स’ या जुन्या दारूच्या गुत्त्यात बालकांसाठी दवाखाना व पाळणाघर थाटून त्याचे नाव त्यांनी ‘मदर्स आर्म्स’ ठेवले. बंदूक घडविणाऱ्यांच्या जागी माता आली! आईने मात्र १९१६ मध्ये या लेकीच्या युद्धविरोधाचा जाहीर निषेध केला.

१९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील, तेही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांनाच मत मिळाले. बो भागातील कित्येक तरुण कामगार स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. सिल्व्हियांचे भारतावरील एक पुस्तक १९२६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९२७ मध्ये विवाहाविना त्यांना पुत्र झाला. त्यानंतर आईने त्यांचे तोंड पाहिले नाही. १९२८ मध्ये एमेलिन निवर्तल्या.

ख्रिस्ताबेल पुढे अमेरिकेत धर्मोपदेशक झाल्या व १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला वारल्या. इटलीने आक्रमण केलेल्या इथिओपियाची बाजू लावून धरणाऱ्या सिल्व्हिया १९५६ मध्ये अदिस अबाबाला स्थायिक झाल्या. २७ सप्टेंबर १९६० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि इथिओपियाने त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले.