जेम्स विल्यम मॅकबेन

जेम्स विल्यम मॅकबेन (२२ मार्च १८८२ - १२ मे १९५३) हे कॅनडात जन्मलेले भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. साबणाच्या द्रावणांची विद्युत संवाहकता अभ्यासून त्यांनी मिसेल, म्हणजे द्रावणातील आयनांचे पुंजके, ही संकल्पना मांडली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) ते पहिले संचालक होते.

जीवन

मॅकबेन यांचा जन्म न्यू ब्रन्सविक प्रांतातील चॅटम येथे झाला. टोरांटो विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी जर्मनीतील लाइपझिग आणि हायडेलबर्ग येथे अध्ययन केले. १९०६ पासून ते इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अध्यापन करू लागले. पुढे ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

संशोधन

साबणाची द्रावणे त्या काळी एक कोडेच होती. त्यांच्या बाष्पदाबावरून द्रावणात स्वतंत्र कण फारच थोडे असावेत असे दिसे. संवाहकता मात्र पुष्कळ आयन असल्यासारखी असे. अनेक आयन एकत्र येऊन भारित पुंजका बनतो, असे स्पष्टीकरण मॅकबेन यांनी १९१३ मध्ये दिले. समान आकाराच्या आठ आयनांचा एक गोल बनला, तर त्याची त्रिज्या दुप्पट होते. त्यामुळे द्रवाचा विरोध दुप्पट होतो, पण विद्युत भार आठपट होतो. म्हणजेच सैद्धान्तिकदृष्ट्या पुंजका एकट्या आयनाच्या चौपट वेगाने सरकू शकतो. कण कमी असूनही वीज चांगली वाहते ती यामुळे.

ही कल्पना आरंभी अनेकांना अविश्वसनीय वाटली. कालांतराने मिसेल ही कलिल रसायनशास्त्राची पायाभूत संकल्पना ठरली. मिसेलच्या आकाराबाबत मात्र मतभेद राहिले. गोल मिसेलांबरोबरच थरांचे मोठे मिसेलही असतात, असे मॅकबेन मानत. विरल द्रावणांसाठी पुढे हार्टली यांचे गोलाकार प्रारूप सर्वमान्य झाले.

घन पदार्थ वायू किती धरून ठेवतात हे मोजण्यासाठी मॅकबेन आणि बकर यांनी १९२६ मध्ये क्वार्ट्झच्या स्प्रिंगचा तराजू तयार केला.

पुण्यातील कार्य

पुण्यातील पाषाण परिसरात उभारलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बा. गं. खेर यांनी बसवली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नव्या प्रयोगशाळेची घडी बसवण्याचे काम मॅकबेन यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. १९५२ मध्ये जॉर्ज इंगल फिंच त्यांच्यानंतर संचालक झाले.

सन्मान

१९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३९ मध्ये त्यांना डेव्ही पदक मिळाले.

वारसा

तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असलेल्या पारदर्शक मिश्रणांचे वर्णन होर आणि शुलमन यांनी १९४३ मध्ये केले. त्या थेंबांना नाव देताना त्यांनी मिसेल हाच शब्द वापरला. १९५९ पासून अशा मिश्रणांना सूक्ष्मपायस (मायक्रोइमल्शन) म्हटले जाऊ लागले. तेल विजेचे दुर्वाहक असल्याने त्यांची संवाहकता अत्यल्प असते. मात्र पाण्याचे प्रमाण, किंवा काही मिश्रणांत तापमान, विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की थेंबांच्या साखळ्या बनतात. आयन एका थेंबातून दुसऱ्यात जाऊ लागतात आणि संवाहकता हजारपटींहून अधिक वाढू शकते. या घटनेला पर्कोलेशन म्हणतात. संवाहकतेच्या मापनावरून न दिसणाऱ्या कणांची रचना ओळखण्याची मॅकबेन यांची पद्धत येथेही उपयोगी पडते.