पावसातले नत्र मोजणारा रसायनशास्त्रज्ञ : युस्टुस फॉन लिबिग

पालम तालुक्यात मृगाचा विजांसह पाऊस झाला की चार दिवसांत पिके हिरवीगार दिसू लागतात. विजेच्या पावसात युरिया असतो, त्यामुळे खताचा हप्ता पुढे ढकलला तरी चालेल, असे काही शेतकरी म्हणतात. यात तथ्य किती, हे पाहायचे तर सुमारे 200 वर्षांपूर्वी पावसाचे पाणी आटवून तपासणाऱ्या लिबिग यांची ओळख करून घ्यायला हवी.

उपासमारीचे वर्ष

युस्टुस लिबिग यांचा जन्म 12 मे 1803 रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग व रसायनांचे व्यापारी. 1815 मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, लोक उपाशी राहिले. तेव्हा लिबिग 13 वर्षांचे होते. त्याच स्फोटातील गंधकाम्ल ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात उतरले आणि त्या थरांत ते आजही सापडते. हवेत जे जाते, ते पाऊस किंवा बर्फाबरोबर खाली येतेच.

पावसाच्या पाण्यात काय सापडले?

पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन 1824 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, लिबिग गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पावसाच्या पाण्याचे 77 नमुने आटवून तपासले. त्यांपैकी 17 नमुने विजांच्या पावसाचे होते आणि त्या सर्वांत नायट्रिक आम्ल आढळले. उरलेल्या 60 पैकी फक्त दोनांत त्याचा अंश होता.

पुढे त्यांनी पाऊस व बर्फाच्या पाण्यात अमोनियाही शोधला. गावातल्या धुराने निकाल बिघडू नये म्हणून पाणी गावाबाहेर, वारा गावाकडे वाहत असताना गोळा केले. आटवताना अमोनिया उडून जाऊ नये म्हणून त्यात थोडे आम्ल घातले. 1840 च्या शेती-रसायनशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी हे मांडले. ज्या अन्नद्रव्याची सर्वांत जास्त कमतरता असेल तेच उत्पादनाला मर्यादा घालते, हा श्प्रेंगेल यांनी आधी मांडलेला नियमही लिबिग यांच्यामुळेच जगभर पोहोचला.

चूक कुठे झाली?

पावसात नत्र आहे हे खरे होते. पण पिकाला लागणारे नत्र हवेतूनच पुरेसे मिळते, खतातून फक्त स्फुरद, पालाश अशी खनिजे द्यावीत, असे लिबिग ठामपणे सांगू लागले. 1845 मध्ये त्यांचे खत इंग्लंडमध्ये बाजारात आले आणि फसले. त्यात नत्र तर नव्हतेच, शिवाय पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ते इतके अविद्राव्य केले होते की पिकाला काही मिळेना.

इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 पासून गव्हावर प्रयोग केले. नत्र दिलेला गहू स्पष्टपणे सरस ठरला. तेथे पावसाचेही पृथक्करण झाले. त्यातून मिळणारे नत्र वर्षाला एकरी जेमतेम दोन-तीन किलो निघाले. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद मातीतच असते, हे कळल्यावर लिबिग यांनी अविद्राव्य खताची चूक 1862 मध्ये उघडपणे कबूल केली. नत्राबाबतचा हट्ट मात्र सहजी सोडला नाही. 18 एप्रिल 1873 रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या शेताचा हिशेब

समुद्रावरच्या पावसात मिठाचा अंश जास्त असतो, ध्रुवीय बर्फ बहुतांशी स्वच्छ असतो, तर आपल्याकडच्या पावसात चुनखडीयुक्त धूळ मिसळते. त्यामुळे तो सहसा आम्लधर्मी होत नाही. पुणे व नागपूर येथे हवामान खात्याने पावसाच्या रसायनांची नोंद ठेवली आहे.

एक मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. हंगामात 800 मिमी पाऊस झाला आणि लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम नत्र धरले, तर हेक्टरी 4 ते 8 किलो नत्र मिळते. 45 किलोच्या युरियाच्या एका पोत्यात सुमारे 20 किलो नत्र असते. म्हणजे अख्ख्या हंगामाचा पाऊस अर्धे पोतेही भरत नाही. बीटी कापसाला हेक्टरी 100 किलोहून अधिक नत्राची शिफारस असते.

मग पावसानंतर पीक हिरवे का होते? ओल मिळाल्याने मातीतील जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवून नत्र मोकळे करतात आणि मुळांना ते घेता येते. म्हणून :

- विजेचा पाऊस झाला म्हणून कापसाचा नत्राचा हप्ता टाळू नका. वाफसा आल्यावर द्या.
- सोयाबीन, तूर यांना रायझोबियमची बीजप्रक्रिया करा. हवेतील नत्र पिकाला खऱ्या अर्थाने मिळते ते मुळांवरच्या गाठींतून.
- शेणखत व पिकांचे अवशेष शेतातच जिरवा.
- माती परीक्षण करूनच खताची मात्रा ठरवा.