पंडिता रमाबाई : एका धर्मशोधाची कथा

आपल्या शिवाजी पेठेतील एखाद्या घरात मगरिबनंतर मुले अभ्यासाला बसतात, तेव्हा समाजसुधारकांच्या धड्यात पंडिता रमाबाईंचे नाव येते. त्यांनी शारदा सदन काढले, विधवांना शिकविले, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. त्या ख्रिस्ती झाल्या, हेही कुठेतरी नमूद असते. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्या कोणत्या चर्चच्या झाल्या, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नाशी झगडण्यात गेला. मसलक आणि जमातींच्या वादाने ज्या घरांतील तरुण मुलेमुली गोंधळून जातात, त्या घरांनी ही कथा जरूर वाचावी.

कोल्हापूरला ख्रिस्ती मिशन नवे नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी येथे 1852 साली आले आणि पुढे त्यांचे काम प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळाकडे गेले. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ख्रिस्ती सारखेच दिसतात. बाहेरच्यांना आपणही सारे सारखेच दिसतो, नाही का?

रमाबाईंचा जन्म 1858 साली सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना धर्मपंडितांचा रोष पत्करावा लागला. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत पायी हिंडले. दानधर्मात सारी संपत्ती संपली, दुष्काळ आला, आणि आईवडील अन्नावाचून खंगून गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास भटकत 1878 साली कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मात्र ज्या व्रतांनी आईवडिलांना तारले नाही, त्यांवरील तिची श्रद्धा तोवर उडाली होती.

ख्रिस्ती उपासना त्यांनी प्रथम कोलकात्यातच पाहिली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून, हे खुर्च्यांची पूजा करीत आहेत, असा या बहीण-भावंडांचा समज झाला! आपल्या शेजाऱ्याच्या उपासनेविषयी आपले किती समज असेच असतात, कोण जाणे.

त्याच काळात ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचविले. 1880 मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला आणि त्या आसामातील सिलचरला गेल्या. तेथे बंगालीतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या ते समजून घेऊ लागल्या. पतीला हे रुचले नाही. 1882 च्या आरंभी पटकीने पतीचे निधन झाले. त्या वेळी कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. मनात वैद्यक शिकायचे होते, परंतु कमी ऐकू येत असल्याने ते साधले नाही. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन सन्मानाने वागवितात, हे पाहून त्यांचे अंतःकरण हलले. नीलकंठशास्त्री गोरे हे स्वतः ब्राह्मण असून ख्रिस्ती धर्मगुरू झालेले गृहस्थ. त्यांच्या लेखनाने त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात एकच खळबळ उडाली.

येथे शोध संपला असेल, असे आपणास वाटेल. वाचकहो, खरा शोध येथून सुरू झाला.

बाप्तिस्मा ज्या चर्चचा, त्या चर्चचे सर्व सिद्धांत मान्य, अशी मठातील भगिनींची समजूत होती. रमाबाईंनी ती मानली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना पत्रांतून त्यांनी प्रश्नांची झोड उठविली. त्रिएकत्वाच्या सिद्धांतास ग्रंथात आधार कोठे आहे? तो मांडणारा, अथनासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार म्हणावयास त्यांनी नकार दिला. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी त्या काळात त्यांच्या मनात गंभीर शंका होत्या. क्रूसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाई संतापल्या. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या स्वाधीन होण्यास त्या तयार नव्हत्या. आपली सदसद्विवेकबुद्धी ईश्वराने दिलेली आहे आणि तिचा जाब आपणालाच द्यावयाचा आहे, ही त्यांची भूमिका होती.

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना अल्लाहचे पैगंबर मानणाऱ्या आणि तौहीदवर श्रद्धा असणाऱ्या आपणास या शंका ओळखीच्या वाटतील. परंतु एवढ्यावरून रमाबाईंना आपल्या बाजूला ओढण्याचा मोह टाळला पाहिजे. ते सत्याला धरून होणार नाही. पुढे त्या ख्रिस्ताला तारणारा मानूनच जगल्या. 1891 च्या सुमारास त्यांना आलेल्या आंतरिक अनुभवाने ही श्रद्धा पक्की केली. तोवर आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणास सापडला नव्हता, असे त्यांचे स्वतःविषयीचे मत झाले.

1886 मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर होत असता त्या समारंभासाठी, रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत तर पंथांचा बाजारच भरलेला. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर, एकेश्वरवादी युनिटेरियन, जो तो आपलेच खरे म्हणे. हा गोंधळ पाहून आपण पार चक्रावलो, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने नोंदविले. त्यांनी कोणत्याही पंथाचे नाव लावून घेतले नाही. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनमध्ये युनिटेरियन एडवर्ड हेल आणि एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स एकत्र बसले. ज्यांचे धर्मसिद्धांतावर पटत नव्हते, त्यांचे हिंदुस्थानातील विधवांच्या शिक्षणावर पटले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्मशिक्षणाची सक्ती नसेल, असे वचन होते. सक्ती झालीही नाही. पण रमाबाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे असे आणि मुली तेथे जाऊन बसत. 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी सारा दोष एका बाजूस देणे कठीण आहे. रमाबाईंना आपली श्रद्धा लपविणे अप्रामाणिक वाटत होते, तर विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. ज्या स्त्रीने बिशपांपुढे स्वतःच्या विचारस्वातंत्र्यासाठी एवढा झगडा केला, तिच्या छायेत वाढणाऱ्या अनाथ मुलीला वेगळा विचार करणे कितपत शक्य होते, हा प्रश्न मात्र मनात राहतो. घरातील वडीलधाऱ्यांनी तो स्वतःलाही विचारून पाहावा.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. 1900 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात जवळजवळ दोन हजार स्त्रिया आणि मुले राहत होती. रमाबाईंचे आध्यात्मिक घर अखेर हेच. तेथे ख्रिस्ती उपासना उघडपणे चाले, पण कोणत्याही एका चर्चचे त्यावर नियंत्रण नव्हते. निरनिराळ्या पंथांचे कार्यकर्ते येऊन राबत. मुली विणकाम, शेती, छपाई शिकत.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना जड वाटे. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. उजवा हात असलेली मनोरमा 1921 साली वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावी रमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर महिनाभराने, 6 मे रोजी, आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराजही गेले. रमाबाईंचे ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्याच हातून छापले गेले.