अर्धा शहाणा, पण खबर पुरी : नाना फडणवीस

हेरखातं म्हटलं की मुलांना वेष बदलणारा बहिर्जी नाईक आठवतो. आज मात्र आपण पुण्यात बसून, कागद वाचून हेरखातं चालवणाऱ्या माणसाचं चरित्र पाहूया.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा. वडील लवकर वारले आणि लहान वयातच फडणिशी, म्हणजे हिशेबाचं काम, अंगावर आलं. १७६१ साली ते पानिपतावर होते. स्वतः कसेबसे वाचले, पण त्या धावपळीत आई कायमची दुरावली. नाना लढवय्ये नव्हते, म्हणून पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत ते 'अर्धे' ठरले!

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि पुढे तो नानांकडेच राहिला. वाड्यात फितुरी, मुंबईला इंग्रज आणि त्यांच्या आश्रयाला राघोबादादा. अशा वेळी तलवारीच्या आधी बातमी लागते. ती आणायची कुणी? एकटं सरकारी खातं पुरणार नाही, हे नानांनी ओळखलं होतं. दरबारादरबारांत वकील होते : हैदराबादेत गोविंदराव काळे, दिल्लीत हिंगणे, थेट कलकत्त्यात लाला सेवकराम. जासूद-हरकारे पत्रं घेऊन पळायचे. शिवाय सावकार. त्यांच्या पेढ्या गावोगाव, आणि हुंडीच्या पत्राबरोबर त्या गावची हालहवालही यायची. पैसा कुठे जमतोय हे कळलं की फौज कुठे निघणार याचा अंदाज येतो. हिशेबाच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

याचा प्रत्यय वडगावला आला. राघोबादादांना गादीवर बसवायला इंग्रज फौज १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघाली. पुणेकर सरदार येऊन मिळतील अशी तिची समजूत होती. इकडे नाना आणि महादजी शिंदे तयारीत होते. वाटेवरचा चारा-धान्य नाहीसं केलेलं. तळेगावपर्यंत येऊन फौज मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये तिला तह करावा लागला. मुलांना जुन्या मुंबई रस्त्यानं नेलंत तर वडगाव मावळ वाटेतच लागतं.

पण गंमत बघा, दुसरी बाजूही झोपलेली नव्हती. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात, संगमावर राहत होता. त्याच्यामुळे चित्रकार जेम्स वेल्स आला, त्यानं नानांचं चित्र काढलं. आपल्याच गंगाराम तांबटांनी मॅलेटसाठी लेण्यांची चित्रं केली. भाषा, नकाशे, चालीरीती, सगळं इंग्रज टिपून घेत होते. आपल्याकडे दरबारांच्या बातम्या भरपूर, पण विलायतेचा असा अभ्यास करणारी विद्वान मंडळी कुणी कामाला लावली नाहीत. मला तरी नानांची मोठी उणीव हीच वाटते.

दुसरी उणीव अशी की सगळे धागे एकाच माणसाच्या हातात. १७९५ साली खर्ड्याला निजामावर विजय मिळाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेले. मग कारस्थानांना ऊतच आला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले, मायकेल फिलोज या फिरंगी सरदाराच्या शब्दावर भरवसा ठेवून. तिथेच त्यांना कैद झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात रवानगी झाली. देशभरच्या खबरा ज्यांच्याकडे यायच्या, त्यांना पुण्यातल्याच छावणीतला दगा कळला नाही!

पुढच्या वर्षी सुटका झाली, कारभारही परत मिळाला. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना वारले. जाळं पुढे चालवणारं कुणी नव्हतं. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज घेतली.

नानांचा वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातला कागदपत्रांचा साठा मात्र टिकला. मेणवली दप्तर म्हणून तो ओळखला जातो आणि १९३९ पासून पुण्यातच, डेक्कन कॉलेजात आहे. बहुतेक कागद मोडीत आहेत.